पुंगळीतली रिकामी जागा

(वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय आपल्याकडचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत कित्येक घरांच्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात एक दणकट टेबल असतं, त्यावर हाताने दाबायचं लोखंडी यंत्र बोल्टने आवळलेलं असतं आणि सुट्टीच्या दिवशी घरमालक तिथे पिस्तुलाची काडतुसं भरत बसतो. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी तो फेकत नाही. ती पुन्हा मापात आणायची, तळाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू घालायची, वर गोळी दाबायची. तिकडे हा कायदेशीर छंद आहे आणि चांगला जुना आहे. जॉन बार्लो नावाच्या गृहस्थांनी १८८४ मध्ये 'आयडियल' कंपनी काढली ती अशीच अवजारं विकण्यासाठी.

या छंदात नवा माणूस आला की दुकानातल्या दारूच्या डब्यांच्या रांगेसमोर गोंधळतो. बुल्सआय, युनिक, टाइटग्रुप, २४००, एच-११०. यातली जोरदार कोणती, असं तो विचारतो. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे असेल कदाचित, पण मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. माझ्या हातून चूक झाली तर ती मला दिसेल का, हे त्याने आधी विचारावं. असं का म्हणतो, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

१८८४ मध्येच पॅरिसमध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली. तोवर वापरात होती ती काळी दारू. ती जळाली की निम्म्याहून जास्त वजन घनरूपात उरायचं. धूर तोच आणि नळीतली काजळीही तीच. नवी दारू नायट्रोसेल्युलोजची. ती जवळजवळ पूर्ण वायू होते आणि तेवढ्याच वजनात सुमारे तिप्पट काम करते. व्हिएल यांनी तिच्या जळण्याचा नियमही मांडला: दाब वाढेल तसा जळण्याचा वेग वाढतो. म्हणजे जळण्याने दाब वाढतो, वाढलेल्या दाबाने जळणं आणखी जोरात होतं. या चक्राला आवर घालते ती पुढे सरकणारी गोळी. ती सरकली की मागे जागा होते आणि दाब उतरतो. म्हणून दारू दुप्पट पडली तर दाब दुपटीवर थांबत नाही.

आता .३८ स्पेशल हे काडतूस घ्या. ते आलं एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आणि त्याची पुंगळी बेतली होती काळ्या दारूच्या मापाने. त्यात वीस-एकवीस ग्रेन काळी दारू मावायची. (एका पाउंडात सात हजार ग्रेन, एक ग्रेन म्हणजे साधारण पासष्ट मिलिग्रॅम.) दारू बदलली, पुंगळी तीच राहिली, कारण लोकांच्या घरी रिव्हॉल्व्हर होती. त्याच सुमारास, १८९८ मध्ये, लॅफ्लिन अँड रँड कंपनीने बुल्सआय बाजारात आणली. ही फार झपाट्याने जळते. कागदी लक्ष्यावर नेम धरण्यासाठी .३८ मध्ये ती जेमतेम तीन ग्रेन पुरते. एका पाउंडात दोन हजारांवर काडतुसं! काटकसरी माणसाला याहून काय हवं?

पण त्या तीन ग्रेननी पुंगळीचा पाव भाग कसाबसा भरतो. मध्येच फोन वाजला, लक्ष गेलं आणि त्याच पुंगळीत पुन्हा दारू पडली, तरी ती अर्धीसुद्धा भरत नाही. वर गोळी बसली की बाहेरून काहीच कळत नाही. .३८ स्पेशलसाठी अमेरिकी उद्योगाने घालून दिलेली दाबाची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पाउंड आहे. ती ओलांडून फार पुढे गेलेलं काडतूस रिव्हॉल्व्हरचा दंडगोल फोडू शकतं, आणि रिव्हॉल्व्हर धरलेलं असतं चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. जुने लोक म्हणून पन्नास पुंगळ्या लाकडी पाटात उभ्या करतात आणि गोळ्या बसवण्याआधी बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावतात. दारू अजिबात न पडलेली पुंगळीही तेव्हाच सापडते. ती सुटली तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी गेली.

मला विचाराल, तर नवख्याने फुगीर दारू घ्यावी. युनिकचे कण चपट्या चकत्यांचे. त्या मापकातून एकसारख्या पडत नाहीत अशी तिच्याबद्दलची तक्रार खरी आहे. पण ती जागा जास्त व्यापते. जुन्या मोठ्या पुंगळ्यांसाठी तर ट्रेल बॉस नावाची दारू निघाली. तिचे कण मेदूवड्यासारखे, मधोमध भोक असलेले. थोड्या वजनात पुंगळी भरल्यासारखी दिसावी, एवढ्यासाठीच हा आकार. १९०२ च्या ९ मिलिमीटर लुगरची पुंगळी पहिल्यापासूनच नव्या दारूसाठी बेतलेली, म्हणून आखूड. तिच्यात बऱ्याच दारू दुप्पट पडल्या तर काठावरून सांडतात. गोळीदार कणांची दारू मात्र पाण्यासारखी मापात पडते आणि फार कमी जागेत बसते. म्हणजे एक सोय घ्यायची तर दुसरी सोडायची.

दुसऱ्या टोकाला मॅग्नम, म्हणजे जास्त दाबाची काडतुसं. .३५७ मॅग्नम १९३५ मध्ये आलं. त्याची पुंगळी .३८ पेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब आहे, ती मुख्यतः जुन्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये म्हणून. दाबाची मर्यादा मात्र ३५,००० पाउंड. इथे सावकाश जळणारी दारू लागते. २४०० ही त्यांतली नामांकित. एल्मर कीथ हे काउबॉय-लेखक तीच भरून .४४ स्पेशलला ताणत राहिले आणि त्यातून १९५५ मध्ये .४४ मॅग्नम निघालं. एच-११० ची रीत तर उलटीच आहे. पुस्तकातल्या मापापेक्षा थोडी कमी घातली की सुरक्षित, ही आपली सर्वसाधारण समजूत तिथे चालत नाही. तिला नीट जळायला दाब लागतो. माप फार खाली आणलं तर ती अर्धवट जळते आणि गोळी नळीतच राहते. निर्मातेच बजावतात की तीन टक्क्यांहून जास्त कपात करू नका. शिवाय वीसहून जास्त ग्रेन लागत असतील तर पाउंडात साडेतीनशेही काडतुसं होत नाहीत.

दारूंच्या वेगाचे तक्ते छापलेले मिळतात. त्यात फक्त क्रम असतो, अंतर नसतं. शेजारच्या ओळीतली दारू बदली म्हणून घालणं हा शुद्ध अविचार. गंमत म्हणजे काही वेळा दोन डबे खरोखर एकच निघतात: एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच दारू, एच-११० आणि विंचेस्टर २९६ हीसुद्धा. तरीही दोन पुस्तकांतली मापं जुळत नाहीत, कारण चाचणीची नळी वेगळी, टोपी वेगळी, दारूची खेप वेगळी. म्हणून खालच्या मापापासून सुरुवात करून वर जायचं, आणि ते खालचं मापही पुस्तकातलंच घ्यायचं.

आपल्याकडे हे करता येईल का, असं कुणीतरी विचारणारच. शस्त्र अधिनियम १९५९ च्या पाचव्या कलमानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो; बंदुकीचा परवाना त्यासाठी चालत नाही. आणि आपल्या नामांकित नेमबाजांपुढे हा प्रश्न येतही नाही. राही सरनोबत यांचं २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण काय किंवा स्वप्नील कुसाळे यांचं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्य काय, दोन्ही .२२ च्या काडतुसावरचे प्रकार. त्यात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, आणि घोड्याच्या आघाताने ती कड चेपते. ती पुंगळी पुन्हा भरण्यासाठी नसतेच. वरच्या पातळीवरचे नेमबाज कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपा आपल्याच नळीतून झाडून बघतात आणि जिची भोकं कागदावर सर्वांत जवळजवळ पडतात ती खेप घाऊक विकत घेतात. आत दारू कोणती, हे त्या डबीवर लिहिलेलं नसतं.