पसंती कोणाची?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आयुष्यभर मी वर्गात मागणी आणि पुरवठा यांविषयी बोलत आलो. आज स्वतःच्या देहाविषयी बोलणार आहे. संकोच वाटतो, परंतु पुरुषांच्या या संकोचामुळेच हे दुखणे अनेकदा उशिरा उघडकीस येते.

मला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग आहे. पाठदुखीला मी वर्षभर वयाचे दुखणे समजत राहिलो. निदान झाले तेव्हा रोग हाडांत पोचला होता. आता दर तीन महिन्यांनी मी एक इंजेक्शन घेतो. या रोगाच्या पेशी पुरुषी संप्रेरकावर पोसतात, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. इंजेक्शन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला प्रथम चेतविते आणि मग गप्प करते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस सोबत गोळ्याही घ्याव्या लागतात. रोग बरा होत नाही, आवरला जातो. त्याची किंमत देह मोजतो : अंगाची लाही होते, स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, कामेच्छा ओसरते. मध्यरात्री मी घामाने भिजून उठतो, तेव्हा पत्नी काही न विचारता कोरडा सदरा पुढे करते.

रुग्णालयाच्या बाकावर एकदा एक निवृत्त गिरणी कामगार शेजारी बसले होते. रोग तोच. ते म्हणाले, "डॉक्टरांनी दोन्ही मार्ग सांगितले, सर. इंजेक्शनचा खर्च ऐकला आणि ऑपरेशनच पसंत केले." वृषणे काढण्याची ही शस्त्रक्रिया कमी प्रतीची नव्हे, संप्रेरक तीही तितकेच खाली आणते, आणि तेही एकदाच्या खर्चात. विचारपूर्वक ती निवडणारेही आहेत. मला बोचला तो 'पसंत' हा शब्द. ग्राहक जे घेतो तीच त्याची पसंती, असे सॅम्युएल्सनच्या आधारे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. त्या बाकावर तो सिद्धान्त मला उघडा पडलेला दिसला. त्यांची पसंती किमतीने ठरविली. माझी माझ्या निवृत्तिवेतनाने.

या औषधामागचे ज्ञान तरी कोणाचे? ज्या संप्रेरकाच्या धर्तीवर ते बनले, त्याची रचना उलगडणारे अँड्र्यू शॅली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात संशोधन करीत. त्यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संशोधनाला सार्वजनिक तिजोरी चालते, मग उपचाराला ती का चालू नये?

म्हणून दोन कामे सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ही इंजेक्शने नियमित मिळतात का, याची चौकशी करा. मिळत नसतील तर तो मागणीपत्रातला मुद्दा करा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना लघवीच्या तक्रारी, न थांबणारी पाठदुखी यांविषयी न लाजता विचारा. मला कोणी विचारले नाही. मीही कोणाला सांगितले नाही.