पडद्यावरचा फोन नंबर



वरिष्ठांना निर्णयासाठी संगणकावर माहिती पुरवण्याच्या या धंद्यात माझी सुरुवात एका साखर कारखान्यात झाली. चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये आम्ही संगणक बसवला. आजचं गाळप किती टन, उतारा किती, यार्डात गाड्या किती, सगळं एका पडद्यावर. साहेबांनी पडदा निरखून पाहिला, ‘झकास’ म्हणाले, आणि फोन उचलून थेट गव्हाणीवरच्या माणसाला विचारलं, “काय रे, ऊस वाळलेला येतोय का?” मला ते फार लागलं. सहा महिने राबून आपण फोन करायची गरजच संपवली, अशा थाटात मी तिथे उभा होतो. आज मला त्या फोनविषयीच बोलायचं आहे.

आम्ही बसवली तसल्या यंत्रणेला ‘निर्णय साहाय्य प्रणाली’ म्हणतात. हा शब्द १९७१ साली एमआयटीच्या गोरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी एका लेखातून रुळवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टॅफर्ड बिअर हा इंग्रज सल्लागार चिलीला पोचला. तिथे अध्यक्ष अलेंदे यांच्या सरकारने कारखान्यांचं राष्ट्रीयीकरण चालवलं होतं आणि फर्नांडो फ्लोरेस या तरुण अधिकाऱ्याला ते सगळे एकत्र कसे हाकायचे हा प्रश्न पडला होता. त्यातून ‘सायबरसिन’ हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या सांतियागोतल्या निर्णयकक्षाचा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. षटकोनी खोली, फायबरग्लासच्या सात फिरत्या खुर्च्या, हातावर मोठाली बटणं. टेबल मुद्दाम ठेवलं नव्हतं, म्हणजे कोणी कागदांत डोकं खुपसणार नाही. कीबोर्डही नव्हता, कारण टाइप करणं हे टायपिस्टचं काम, साहेबांचं नव्हे, असा तो काळ. राखदाणीची सोय मात्र खुर्चीतच होती!

भिंतीवरचे ते देखणे आलेख संगणक काढत नव्हता. ते हाताने काढलेले असत आणि त्यांच्या स्लाइड प्रोजेक्टरमधून पडद्यावर पडत. हे कळल्यावर मी आधी हसलो. मग आठवलं, की आपल्याकडेही सोमवारच्या मीटिंगचा ‘लाइव्ह’ डॅशबोर्ड रविवारी रात्री कोणीतरी एक्सेलमध्ये जुळवत बसलेलं असतं.

ती खोली तयार झाली १९७२ संपता संपता. पण तिच्या आधीच, ऑक्टोबरमध्ये, ट्रकमालकांनी संप पुकारला आणि देशाची वाहतूक ठप्प होऊ लागली. त्या वेळी उपयोगी पडली ती गोदामात विनावापर पडून असलेली आणि नंतर कारखान्या-कारखान्यांत बसवलेली टेलेक्स यंत्रं. कुठला रस्ता अडलाय, कुठे कच्चा माल संपलाय, कुठे ट्रक रिकामे उभे आहेत, असे दिवसाला सुमारे २,००० निरोप त्या जाळ्यातून वाहत होते. पाहणारा माणूस लिहीत होता आणि ठरवणारा माणूस वाचत होता. सात खुर्च्यांच्या खोलीतून देशाचा कारभार कधी चाललाच नाही. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता घेतली आणि खोलीही गेली. आपल्या व्यवसायाने आठवणीत ठेवली ती खोली, टेलेक्स नव्हे. याचं मला नेहमी वाईट वाटत आलं आहे.

पाहणाऱ्या माणसाला न विसरणारी एक प्रणाली मात्र पुढे झाली. अमेरिकेतल्या लॉकहीड-जॉर्जिया या विमान कंपनीने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आपल्या वरिष्ठांसाठी ‘मिड्स’ नावाची प्रणाली केली. त्या पडद्यांवर आकड्यांबरोबर आणखी एक गोष्ट असे: ही माहिती कोणाकडून आली त्याचं नाव आणि त्याचा फोन नंबर. हे वाचलं त्या दिवशी मला गव्हाणीवरचा तो माणूस आठवला. आमच्या पडद्यावर उतारा दोन दशांशांपर्यंत होता, पण त्याचं नाव नव्हतं.

फोन असला की भागलं, असं मात्र नाही. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री युटा, अलाबामा आणि फ्लोरिडा अशा तीन ठिकाणची माणसं एकाच फोनलाइनवर होती. सकाळी चॅलेंजर हे अवकाशयान उडायचं होतं आणि थंडी कडाक्याची होती. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलचे रॉजर बोझोले आणि अर्नी थॉम्पसन हे अभियंते सांगत होते, की या थंडीत सांध्यांतली रबरी कडी दगा देतील. तापमानाचा विषय निघाला तेव्हा चर्चा झाली ती कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांचीच. सुखरूप उड्डाणं कोणी जोडीला मांडली नाहीत. चौकशी आयोगाने नंतर सगळी २४ मांडली, तेव्हा दिसलं की सांध्यांचं तापमान सुमारे १९ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त असलेल्या २० उड्डाणांपैकी फक्त तिनांत इजा होती. त्याहून कमी तापमानात उड्डाणं झाली चार. इजा चारही वेळा.

हा आलेख काढायला संगणकही लागत नाही. मात्र त्या रात्री या चर्चेनंतर जे घडलं ते मला जास्त छळतं. युटातल्या थायोकॉलच्या मंडळींनी ‘पाच मिनिटं द्या’ म्हणून लाइन म्यूट केली. पाचाची तीस झाली. शेवटी चार वरिष्ठांनी आपापसात ठरवलं. लाइन पुन्हा सुरू झाली तेव्हा ‘उडवू नका’चं ‘उडवा’ झालं होतं. ‘कोणाचा विरोध आहे का?’ असं विचारलं गेलं. फोनवर कोणी काही बोललं नाही. लेखी शिफारस फॅक्सने गेली, तिच्यावर एका उपाध्यक्षाची सही होती. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि त्यातली सात माणसं गेली.

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत दुपारी संचालक मंडळाच्या बैठकांसाठीच्या नव्या सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक आहे. मी पुढच्या रांगेत बसणार आहे. ठरावाच्या फॉर्मवर सहीच्या खाली, असहमत असणाऱ्याचं नाव आणि कारण लिहायला जागा आहे का, आणि ती रिकामी ठेवून ‘पुढे’चं बटण दाबता येतं का, एवढंच मला बघायचं आहे. चहा तयार आहे असं मघापासून खुणावताहेत, तेव्हा थांबतो.