एमआरआयची तांब्याची खोली

मी धाडचा. आमच्याकडचा माणूस एमआरआयला बुलढाण्याला, नाहीतर संभाजीनगरला जातो. दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडं. म्हणून फोटो पहिल्याच खेपेला नीट यायला हवा.

त्यासाठी आम्ही खोलीला आतून तांब्याचा पत्रा मढवतो. भिंती, छत, फरशीखाली, सगळीकडे. खिडकीच्या काचेतसुद्धा तांब्याची जाळी असते. का? १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये शरीराकडून येणारा सिग्नल साधारण ६४ मेगाहर्ट्झचा असतो, आणि फारच क्षीण. बाहेरचा वायरलेस किंवा एखाद्या एलईडी दिव्याची खरखर आत शिरली, की फोटोवर रेघा उठतात. चांगली खोली १०० डेसिबल अडवते. म्हणजे बाहेरच्या लहरीचा जोर आत एक लाखावा भाग उरतो. मूळ युक्ती फॅरेडेची, १८३६ सालची.

घरी करून बघा. फोन फॉईलच्या दोन-तीन थरांत घट्ट गुंडाळा आणि कॉल लावा. टॉवर अगदी जवळ नसेल तर बहुतेक लागणार नाही. आता फॉईलला लांब चीर पाडा. लहर आत शिरेल! फट किती रुंद यापेक्षा किती लांब, हे महत्त्वाचं.

खोलीची खरी फट म्हणजे दार. चौकटीला तांब्याच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या असतात, दार लावलं की त्या दाबून बसतात. एका ठिकाणी फोटोवर सारख्या रेघा यायच्या. सगळे मशीनला बोल लावत होते. आम्ही मीटर घेऊन दाराभोवती फिरलो, तर खालच्या कोपऱ्यातल्या चार पट्ट्या ट्रॉलीच्या धक्क्याने वाकलेल्या! तोवर एक बाबा दोनदा हात हलवत परत गेले होते.

चार पट्ट्या, बस्स. तिथे कामाला असाल तर दार आपटू नका, पट्ट्या पुसत जा. कुणाचा तरी दिवस वाचतो.