विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे

(विहाराच्या पंचविसाव्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आम्ही काही विद्वान नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण गिरणीतल्या साच्यावर, युनियनच्या मीटिंगांत आणि विहारातल्या पुस्तकांच्या कपाटापुढं झालं. तेव्हा काही चुकलं-माकलं तर पोटात घालावं. आम्हाला विषय दिला आहे ‘श्रद्धा, विश्वास आणि नेतृत्व’. हे तिन्ही शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो आणि घोटाळा तिथंच होतो.

पहिलं गिरणीचं सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही पोरसवदा होतो. आमचे वडील त्या संपात होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणं मालकांशी बोलणी करण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता. कामगारांचा विश्वास मात्र डॉ. दत्ता सामंतांवर होता. कागदावर एक युनियन आणि कामगाराच्या मनात दुसरी! संप मोडला, हजारोंना पुन्हा कामावर घेतलं गेलं नाही, घरंच्या घरं गावाकडं परतली. संप मोडायला कारणं पुष्कळ होती. पण एक गोष्ट आम्ही तेव्हा शिकलो. कायद्यानं पद देता येतं, विश्वास देता येत नाही.

हे झालं पद असून विश्वास नसल्याचं. आता विश्वास होता पण हिशोब नव्हता, त्याचं ऐका.

पुढं आम्हीही गिरणीत बदली म्हणून लागलो. गिरणी बंद झाली, देणी हातात आली. वस्तीत एक पतपेढी होती. ती चालवणारा आपलाच माणूस. जयंतीच्या मिरवणुकीत पुढं, कुणाच्या मयतीला आधी हजर. आम्ही चाळीस हजार रुपये तिथं ठेवले. पासबुकावर वर्षभर नोंद झाली नाही, तरी विचारलं नाही. विचारणार कसं? ऑफिसात बाबासाहेबांचा भला मोठा फोटो. त्या फोटोखाली बसलेल्या माणसाला हिशोब मागणं म्हणजे बाबासाहेबांनाच हिशोब मागितल्यासारखं वाटायचं. एक दिवस शटरला कुलूप दिसलं. कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कुणाच्या पोराचं कॉलेज सुटलं. आमची श्रद्धा बाबासाहेबांवर होती आणि तिचा फायदा दुसऱ्याच माणसानं घेतला. दोष त्याचा तर आहेच, पण ते वाट्टेल ते चालू देणाऱ्या आमचाही आहे.

आता स्वतःचं सांगतो, नाहीतर म्हणाल की भाऊ दुसऱ्यांचंच सांगतो. विहाराच्या स्लॅबचं काम निघालं तेव्हा खजिनदार आम्ही होतो. दिवसाची पाळी करून रात्री वर्गणी गोळा करायची, रविवारी मजुरांबरोबर उभं राहायचं. एका संध्याकाळी वंदना झाल्यावर धुणीभांडी करणारी एक आजी सर्वांसमोर म्हणाली, “बाबा, माझ्या पाचशेएक रुपयांची पावती न्हाई मिळाली.” आम्हाला राग आला. एवढं राबतो आणि वर हे! आम्ही म्हणालो, “आजी, आमच्यावर विश्वास नाही का?” तर ती शांतपणे म्हणाली, “इस्वास हाय म्हणून तर इचारते. इस्वास नसता तर पैसं दिलं असतं का?”

रात्री पावतीपुस्तक घेऊन बसलो. तीन पावत्या कोऱ्या निघाल्या, बाराशे रुपयांचा मेळ लागेना. आम्ही एक पैसा खाल्ला नव्हता. मजुरांचा चहा, टेम्पोचं भाडं खिशातून दिलं-घेतलं आणि लिहायचं राहिलं, असं झालं होतं. पण हे आम्हाला ठाऊक. लोकांना कसं कळणार? ती आजी बोलली नसती, तर ते बाराशेचे बारा हजार व्हायला वेळ लागला नसता. साच्यावर धागा तुटला की साचा थांबवून गाठ मारावी लागते. तसाच चालू ठेवला तर कापडात खोट पडते. आजीनं आमचा साचा वेळेवर थांबवला.

भगवंतांनी ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितली आहे. वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला भिक्खू संघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की, माझ्याविषयी काही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा शंका आली असेल तर करुणेनं सांगा, मी सुधारेन. संयुत्त निकायात असं आहे की, श्रावस्तीच्या पूर्वारामात पाचशे भिक्खूंसमोर खुद्द भगवंतांनी विचारलं, माझ्या वागण्या-बोलण्यात तुम्हाला काही दोष दिसतो का? ज्यांच्यात दोष नाही ते विचारतात आणि आपण साध्या समितीचे माणसं पावती मागितली की तोंड फिरवतो! महापरिनिर्वाणाच्या वेळीही त्यांनी कुणाला वारस नेमलं नाही. धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असं सांगितलं. धम्मातली श्रद्धा डोळे मिटून ठेवायची नसते. तिच्याबरोबर प्रज्ञा लागते.

बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत हाच इशारा दिला. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिलं की ठराव, मतमोजणी, गणसंख्या हे सगळे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते. आपण मात्र त्यांचं नाव घेऊन माणसांच्या मागं गेलो. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, पुढं त्याचे किती गट झाले ते आपण मोजतच आहोत.

म्हणून आम्हाला एवढंच कळतं. श्रद्धा ठेवावी बुद्धावर, धम्मावर, बाबासाहेबांच्या विचारावर. समितीवर ठेवायचा तो विश्वास, आणि तो हिशोबावर जगतो. ‘विश्वस्त’ हा शब्दच विश्वासातून आला आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यानं हिशोब तपासून घेणं आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात कळवणं बंधनकारक आहे. कायदा सांगतो म्हणून नव्हे, धम्म सांगतो म्हणून आपण हे करू या.

आज सभेनंतर नवी समिती निवडायची आहे. वस्तीच्या पुनर्विकासाचे कागद येऊ घातलेत आणि विहाराच्या जागेवर कुणाच्या तरी सह्या लागणार आहेत. तेव्हा हात जोडून विनंती. दर पौर्णिमेला जमाखर्च फळ्यावर लिहावा. बँकेत दोन सह्यांशिवाय पैसा निघू नये. जागेचा कोणताही कागद सही करण्याआधी इथं मोठ्यानं वाचावा, आणि समितीत महिला केवळ हार घालायला नव्हे, सही करायला असाव्यात.

आम्ही दहा वर्षं खजिनदार होतो, आज ते पद सोडतो. आमच्या दहाही वह्या तिकडं टेबलावर ठेवल्या आहेत. चहा घेता घेता चाळा. काही पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका असेल, तर बोला. आम्हाला राग येणार नाही. आलाच, तर आजी समोर बसल्या आहेतच.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम! नमो बुद्धाय!