वतनाची जमीन आणि कारखान्याचा पगार
(निगडी येथील सभेत दिलेले भाषण)



ज्या निगडीत आपण आज जमलो आहोत, तेथे एके काळी शेते होती. १९५४ साली शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ व १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. शेतांच्या जागी कारखाने आणि वसाहती उभ्या राहिल्या. आपणांपैकी पुष्कळजण अवर्षणाला कंटाळून, गाव सोडून येथे आले. मग आता शेतीची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, अनेकांच्या नावावर गावी अद्याप वतनाची जमीन आहे, आणि ती विकून मोकळे व्हावे असा विचार घरोघरी चालू आहे.

ही जमीन फुकट मिळालेली नाही. वाडवडिलांनी तिच्यासाठी गावाची गुलामी केली. ती बेडी तुटावी म्हणून परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ चा कायदा झाला व १ ऑगस्ट १९५९ पासून वतने संपली. चाकरी गेली, जमीन मात्र धारकांना पुन्हा मिळण्याची तरतूद झाली.

“तुकडा लहान, त्यात काय पिकणार?” असे आपण म्हणतो. हे दुखणे आपल्या एकट्याचे नव्हे. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी शेतखाते ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. जगातील बहुसंख्य शेतेही दोन हेक्टरांहून लहानच आहेत. परंतु बाबासाहेबांनी १९१८ सालीच आपल्या निबंधात दाखवून दिले की, शेत लहान की मोठे हे केवळ त्याच्या आकारावरून ठरत नाही. अवजारे, बैल व भांडवल नसेल तर मोठे शेतही निरुपयोगी ठरते. जमिनीवर पोसल्या जाणाऱ्या माणसांचा भार उद्योगधंद्यांनी हलका करावा, हाच त्यांनी सांगितलेला उपाय होय.

आज उद्योगाने तुम्हांस पगार दिला आहे. गावच्या जमिनीस जे भांडवल कधी लाभले नाही, ते आज तुमच्या हाती आहे. त्यातील थोडा अंश विहिरीला, बांधबंदिस्तीला लावा. भाऊबंदांशी तंटे करण्याऐवजी पाणी व अवजारे सामाईक ठेवा.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गावी जाल तेव्हा सातबारा व फेरफार स्वतः वाचा. वतनाची जमीन नव्या शर्तीची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून तिचे हस्तांतरण करता येत नाही; म्हणून दलालाच्या कागदावर अंगठा उठवू नका. वडिलार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तिचे नाव गाळू नका.

जमीन विकून आलेला पैसा एका लग्नात संपतो. राखलेली जमीन मात्र, कारखान्याचे दार बंद झाले तरी, पायाखाली राहते. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय भीम!