अर्थ सांगण्याची घाई नको

अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. काफ्का, काम्यू मुलांना वाचायला द्या आणि दिल्यावर त्यांचा अर्थ सांगण्याची घाई करू नका.

बारावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात कादंबरीचा विभाग आहे. त्यात ऐंशी दिवसांची जगप्रदक्षिणा आहे, शेरलॉक होम्स आहे. चांगलंच आहे. पण तिथे प्रवास वेळेत पुरा होतो, गुन्हेगार सापडतो. न सुटणाऱ्या प्रश्नांची गोष्ट मुलांनी कधी वाचायची?

काफ्काची ‘मेटॅमॉर्फोसिस’ १९१५ सालची. ग्रेगोर साम्सा सकाळी जागा होतो तो किडा होऊन, आणि त्याला काळजी लागते ती पाचची गाडी चुकल्याची! आईवडिलांचं कर्ज फिटावं म्हणून तो ती नकोशी नोकरी रेटतो आहे. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर-पालमकडच्या मुलाला कर्ज म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्याला गुमान वाचू द्या ना! आपण मात्र पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून मोकळे होतो: परात्मता, व्यर्थता, अस्तित्ववाद. मुलं उतरवून घेतात आणि वाचायचं थांबतात.

आपल्याकडे हुरड्याचे दिवस किती थोडे! दाणा दुधात असताना भाजून उपयोग नाही, टणक झाल्यावर तर नाहीच. सोळा-सतराचं वय तसंच आहे. कणीस निवडावं, आगटीत भाजावं, हे शिक्षकाचं काम. पण गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे चावायचे, ते ज्याचं त्यानंच. हाताला थोडा चटका बसेल. बसू द्या. दुसऱ्यानं चावून दिलेल्या हुरड्याला चव कुठली?

पालक म्हणतात, असलं वाचून पोरं खचतील. अहो, आपल्या मराठवाड्यातल्या कितीतरी मुलांनी गावात, भावकीत अवेळी मरण पाहिलेलं आहे. जगायचं कशासाठी, हा प्रश्न पुस्तकानं त्यांच्या मनात घातलेला नाही. त्यावर बोलायला जागा तेवढी मिळाली नाही. काम्यूच्या ‘द प्लेग’मधला डॉक्टर रिय बघा. साथ का आली, याचं उत्तर त्याच्याजवळ नाही. तरी तो रोज रुग्ण तपासायला जातो. कोविड पाहिलेल्या मुलांना हे पोचतं. मात्र वाचताना एखादं मूल फारच मिटून गेलं, तर तास संपल्यावर त्याच्याजवळ थांबा, बोला. एवढी जबाबदारी आपली आहेच.

आणि इंग्रजीच्या तासाला मराठीचा संकोच कशाला? १९६३ सालच्या ‘कोसला’ कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला जातो आणि हात हलवत परत येतो. धाकटी बहीण मनी जाते, त्या दुःखावर कुठलंच तत्त्वज्ञान पुरं पडत नाही. लेखकांचं जगणंही असंच जोडून दाखवा: काफ्का विमा कचेरीत काम करून लिहायचा. आपल्या परभणीचे लेखक बी. रघुनाथही बांधकाम खात्यात नोकरी करता करता लिहीत राहिले. हे मुलांना ठाऊक हवं.

पुन्हा सांगतो, अर्थ सांगण्याची घाई नको. उद्याच्या तासाला चार पानं वाचून दाखवा, पुस्तक मिटा, ‘तुला काय वाटलं?’ एवढंच विचारा आणि मूल बोलेपर्यंत थांबा.