जंतूंनाही रोग होतो
(जिल्हा बैठकीतील भाषण)



हरभऱ्यावर घाटेअळी आली की तुमच्यापैकी पुष्कळांनी एच.एन.पी.व्ही. फवारलं असेल. काय असतं त्यात? विष नव्हे, अळीला होणारा रोग. अळी तो विषाणू खाते आणि फांदीला उलटी लटकून मरते. बैलाला, माणसाला काही होत नाही.

रोगजंतूंनाही असाच विषाणू मारतो. त्याला फेज म्हणतात. तो जंतूला चिकटतो, आत आपलं बीज सोडतो, त्याची शेकडो पिल्लं होतात आणि जंतू फुटतो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या फेलिक्स देरेल यांनी १९१७ साली हे जगापुढं मांडलं. १९२७ साली ते आपल्या देशात आले आणि पंजाबात पटकीच्या रोग्यांवर फेजचा उपाय करून पाहिला. पुढं पेनिसिलीन आलं. एकच औषध अनेक जंतूंवर चालू लागलं, फेज मागं पडला. जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या संस्थेनं मात्र तो सोडला नाही.

आज त्याची आठवण का? २०१७ साली बीटी लावूनही गुलाबी अळीनं बोंडं पोखरली, ते तुम्हाला मी काय सांगू! अळी बीटीला सरावली, तसे जंतू प्रतिजैविकांना सरावले. टॉम पॅटरसन हे अमेरिकेतले प्राध्यापक २०१५ साली इजिप्तमध्ये आजारी पडले. जंतू कुठल्याच औषधाला दाद देईना, माणूस बेशुद्ध. मार्च २०१६ मध्ये सॅन दिएगोच्या डॉक्टरांनी नसेतून फेज दिले आणि ते वाचले. पण जंतू पहिल्या फेजलाही सरावला होता. गटाराच्या पाण्यातून नवा शोधावा लागला. जोडीला प्रतिजैविक होतंच.

घाटेअळीचा विषाणू गुलाबी अळीवर चालत नाही. फेजचंही तसंच. आधी रोग्याचा जंतू तपासायचा, मग त्याला लागू पडणारा फेज हुडकायचा. तेव्हा उद्या कुणी सगळ्या रोगांवर म्हणून फेजची बाटली विकायला आला, तर त्याला विचारा, कुठल्या जंतूचा?

मी कृषी पदवीधर. कापसाच्या करप्यावर स्ट्रेप्टोसायक्लीन मारा, असं गावोगाव मीच सांगत फिरलो. त्यातलं स्ट्रेप्टोमायसीन क्षयरोग्यालाही देतात, हे तेव्हा मनात आलं नाही. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीच्या अशाच रोगावर फेज फवारायला २००५ साली परवानगी मिळाली. आपल्या विद्यापीठांनी करप्यावर हे काम करावं, आणि जंतूवर कोणतं औषध चालेल ते तपासण्याची सोय तालुक्याच्या दवाखान्यात व्हावी, असे दोन ठराव मी मांडतो. कागद पुढच्या टेबलावर आहे. सह्या करून मगच चहाला उठा.